सोबतीचे दोष : फुफ्फुसाच्या कर्करोगावरील लक्ष्यवेधी औषधांचा हिशेब



ज्या वैद्यकाध्यापकांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान दरसाल योजिले जाते, त्यांची एक रीत त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांना आठवत असेल. रोग्याच्या कागदांतील ठळक अक्षरांत छापलेला निष्कर्ष ते प्रथम हाताने झाकीत, आणि खालचा बारीक टाइपातील मजकूर आधी वाचावयास लावीत. आजचा माझा विषय त्या बारीक टाइपातील मजकुराचाच आहे. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली वसंत व्याख्यानमालेचा पाया घातल्यापासून पुण्यास एक खोड जडली आहे, आणि ती चांगली खोड आहे: जो विषय तज्ज्ञांनी आपापसांतच चघळावा असा इतरत्र संकेत असतो, तो येथे चारचौघांपुढे मांडावा लागतो, आणि श्रोत्यांस तो उमगला नाही तर बोल वक्त्यास लागतो. ही जोखीम पत्करूनच मी बोलणार आहे.

फुफ्फुसाच्या कर्करोगावरील गोळीचा इतिहास विजयाच्या ललकाऱ्यांनी सुरू झाला नाही, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. गेफिटिनिब या औषधास जुलै २००२ मध्ये जपानने आणि पुढील वर्षी अमेरिकेने मान्यता दिली, ती ते कोणास लागू पडते हे न कळताच दिली. दहांतील एखाद्या रोग्याची गाठ या गोळीने उन्हात लोणी वितळावे तशी वितळे, आणि उरलेल्यांस तिचा लवमात्र उपयोग होत नसे. सरसकट सर्वांस दिले असता आयुष्य वाढल्याचे सिद्ध होईना, म्हणून २००५ साली अमेरिकेच्या औषधखात्याने त्याचा वापर जवळजवळ बंदच केला. दरम्यान २००४ साली बोस्टन आणि न्यूयॉर्क येथील तीन निरनिराळ्या संशोधकमंडळांस एकाच सुमारास कोडे उलगडले. ज्यांस गुण येई त्यांच्या गाठीतील ‘ईजीएफआर’ नामक जनुकात विवक्षित ठिकाणी उत्परिवर्तन झालेले असे. हे जनुक पेशीच्या पृष्ठभागावरील एका ग्राहक प्रथिनाची घडण ठरविते. बाहेरून वाढीचा संदेश आला म्हणजे ते प्रथिन आत वर्दी देते, आणि पेशी दुभंगते. उत्परिवर्तन झाले की संदेश आलेला नसतानाही वर्दी चालूच राहते. गोळी त्या प्रथिनाच्या नेमक्या क्रियास्थानी जाऊन बसते आणि वर्दी थांबविते.

२००९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘आयपास’ चाचणीने या तर्कावर शिक्कामोर्तब केले. पूर्व आशियातील १,२१७ रोग्यांच्या त्या चाचणीत उत्परिवर्तन असलेल्यांपैकी शेकडा ७१ जणांच्या गाठी गेफिटिनिबने आक्रसल्या, आणि उत्परिवर्तन नसलेल्यांत हे प्रमाण शेकडा एकच भरले. एकच औषध आणि एकाच नावाचा रोग असूनही फलितात एवढे अंतर पडलेले वैद्यकाच्या इतिहासात क्वचितच आढळते. तेव्हापासून एक सुटसुटीत सिद्धांत रूढ झाला, की एक दोष शोधावा, त्याची एक गोळी द्यावी, आणि मोकळे व्हावे. या सिद्धांताने लक्षावधी लोकांचे आयुष्य वाढविले, म्हणून त्याची टवाळी करण्याचा माझा हेतू नाही. परंतु तो अपुरा आहे, आणि त्याचे अपुरेपण पुरते समजून न घेतल्याची किंमत रोगी मोजीत आहेत, एवढे माझे आजचे म्हणणे आहे.

आपल्याकडील स्थिती काय? मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील डॉ. अनुराधा चौगुले, डॉ. कुमार प्रभाश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली ९०७ भारतीय रोग्यांची तपासणी प्रसिद्ध केली. त्यात ईजीएफआरचे उत्परिवर्तन शेकडा २३ जणांत आढळले. गोऱ्या लोकांत हे प्रमाण साधारणतः दहा ते पंधरा, तर चिनी-जपानी लोकांत चाळिसांच्या पुढे जाते. आपण या दोहोंच्या मध्ये कोठेतरी उभे आहोत. या शेकडा २३ मध्ये ज्यांनी जन्मात विडी ओढली नाही अशा स्त्रियांचा भरणा डोळ्यांत भरण्याजोगा असतो. अशी बाई महिनोन्‌महिने खोकत राहते. छातीच्या फोटोत डाग दिसतो. या देशात डाग म्हटला की क्षय हे समीकरण इतके पक्के बसले आहे, की थुंकीत जंतू सापडो वा न सापडो, क्षयाची औषधे सुरू होतात, आणि चार-सहा महिन्यांनी जेव्हा ती बायोप्सीच्या टेबलावर येते तेव्हा रोग हाडांत किंवा मेंदूत पोचलेला असतो. या गोष्टीस केवळ वैद्यांचे अज्ञान कारण आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. क्षय खरोखरच आपल्याकडे उदंड आहे. पण विडी न ओढणाऱ्याला फुफ्फुसाचा कर्करोग होत नाही ही समजूत मात्र निखालस खोटी आहे, आणि ती सुशिक्षितांतही कायम आहे.

ज्या बाईच्या गाठीत हे उत्परिवर्तन सापडते तिला गोळी मिळते, दोन-तीन आठवड्यांत धाप कमी होते, ती पुन्हा स्वयंपाकघरात वावरू लागते, आणि घरच्यांस रोग हटला असे वाटू लागते. पहिल्या पिढीच्या या गोळ्या सरासरीने नऊ-दहा महिने ते एक वर्ष काम देतात. ‘सरासरी’ या गणिती पडद्याआड फार विषम नशिबे दडलेली असतात: एखादीस ती गोळी चार वर्षे पुरते आणि एखादीस तीन महिन्यांतच रोग उलटतो, दोघींचे उत्परिवर्तन एक, गोळी एक, मात्रा एक. मग हा भेद कशाने पडला? विकृतिशास्त्र शिकविण्यात माझी उमेद गेली, आणि त्या काळातील बरीच वर्षे या प्रश्नास आमच्याकडे ‘प्रकृतिभेद’ यापलीकडे उत्तर नव्हते. आज निदान अर्धे उत्तर हाती आले आहे. कर्करोगाच्या पेशीत ईजीएफआर हा एकच दोष क्वचित असतो. त्याच्या जोडीला इतर जनुकांतही दोष असतात, आणि गोळीची परिणामकारकता या जोडीदारांवर अवलंबून राहते. २०१७ साली अमेरिकेतील संशोधकांनी ईजीएफआर-दोष असलेल्या १,१२२ रोग्यांच्या रक्तात तरंगणारे गाठीचे डीएनए तपासून दाखविले, की प्रगत अवस्थेतील रोगात असे सहवर्ती दोष हाच नियम आहे आणि एकांडा दोष हा अपवाद. रोग जसजसा पुढे जातो आणि औषधामागून औषध होते, तसतशी त्यांची गर्दी वाढत जाते.

या जोडीदारांत सर्वांत अधिक आढळणारा आणि सर्वांत अधिक अपाय करणारा दोष ‘टीपी५३’ या जनुकातला. ईजीएफआर बिघडलेल्या प्रगत रोग्यांपैकी निम्म्याहून अधिकांत तो असतो. या जनुकाचे प्रथिन, म्हणजे पी५३, निरोगी पेशीत डीएनएची नासधूस झाली की विभाजन थांबविते, दुरुस्तीस अवधी देते, आणि दुरुस्ती अशक्य असेल तर पेशीस मरण पत्करावयास लाविते. ते निकामी झाले म्हणजे दोन अनर्थ एकदम ओढवतात. गोळीने वाढीचा संदेश तोडला तरी जी पेशी एरवी मेली असती ती मरत नाही, नुसती थबकून राहते. आणि दर विभाजनात नव्या चुका बिनतक्रार खपून जाऊ लागतात, गुणसूत्रे तुटतात, जुळतात, दुप्पट होतात, व त्या गोंधळातून गोळीस दाद न देणारी एखादी शाखा लौकर उपजते. म्हणून टीपी५३चा दोष सोबत असलेल्या रोग्यांत गोळी कमी काळ टिकते. हा अनुभव इतक्या देशांतून इतक्या वेळा आला आहे की आता तो वादाचा राहिलेला नाही. वाद आहे तो त्यावर उपाय काय करावयाचा याचा.

या दोषांची परस्परसंगती कशी लावावी, हे समजण्यासाठी पुणेकरांना फार लांब जावे लागत नाही. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरापर्यंत गेले तरी पुरे. महाभारताची चिकित्सित आवृत्ती सिद्ध करताना डॉ. विष्णु सीताराम सुकथनकर यांच्यापुढे हस्तलिखितांचे केवढे जंगल होते! शारदा, देवनागरी, बंगाली, तेलुगू, ग्रंथ, मलयाळम अशा नाना लिपींतील, एकूण १,२५९ हस्तलिखितांचा या कामी धांडोळा घेतला गेला, आणि १९१९ साली आरंभिलेले ते कार्य १९६६ साली शेवटास गेले. त्या कामाची किल्ली अशी होती, की चूक ही चूक म्हणून टाकून द्यावयाची नसते. चूक हा वंशावळीचा पुरावा असतो. दोन पोथ्यांत एकच विलक्षण अशुद्धी आढळली तर दोहोंचा मूळ पूर्वज एक, आणि त्याच पूर्वजाच्या प्रतीत ती अशुद्धी शिरलेली, असे ठरते. जी अशुद्धी सर्व पोथ्यांत आहे ती सर्वांत जुनी, आणि जी एकाच पोथीत आहे ती त्या लेखकाच्या डुलकीची. गाठीतील कोट्यवधी पेशी याही एकाच मूळ प्रतीवरून उतरलेल्या नकला आहेत. लंडनहून चालविलेल्या ‘ट्रेसरएक्स’ नामक प्रकल्पाने एकाच गाठीचे अनेक तुकडे वेगवेगळे वाचून २०१७ साली १०० रोग्यांच्या अशा वंशावळी छापल्या, आणि त्यांत ईजीएफआर व टीपी५३ यांचे दोष बहुधा मूळ प्रतीतच, म्हणजे वंशवृक्षाच्या खोडातच, असतात असे दिसून आले. इतर कित्येक दोष कोणत्या तरी फांदीपुरते असतात. तपासणीच्या अहवालात प्रत्येक दोषापुढे जो टक्केवारीचा आकडा दिलेला असतो आणि जो नातेवाईक सोडाच, पण पुष्कळ डॉक्टरही ओलांडून पुढे जातात, तो आकडा म्हणजे एकूण प्रतींपैकी कितींत हा पाठ सापडला याचीच गणती होय. समजा, ईजीएफआरपुढे ४०, टीपी५३पुढे ३८ आणि तिसऱ्या एखाद्या दोषापुढे २ असा आकडा असेल, तर पहिले दोन बहुधा एकाच पेशीत नांदत आहेत आणि तिसरा कोपऱ्यातील फांदीवर आहे, असा प्रथमदर्शनी अंदाज करता येतो. प्रथमदर्शनी एवढ्याचसाठी म्हणतो, की नमुन्यात निरोगी पेशींची भेसळ किती होती आणि कोणते गुणसूत्र किती पटींनी वाढले होते, यांवर हा आकडा वरखाली होतो. आणखी एक अंतर विसरून चालणार नाही. पोथीतील चूक निर्जीव असते. गाठीतील चूक औषधाच्या छायेत जर पेशीस उपकारक ठरली, तर तीच प्रत वाढते आणि मूळ पाठ नामशेष होतो. सुकथनकरांच्या वाट्याला निदान एवढे संकट आले नव्हते.

ईजीएफआर आणि ‘के-रास’ या दोन जनुकांचे दोष एकत्र नांदत नाहीत, असे पाठ्यपुस्तकांत दीर्घकाळ लिहिले जात असे. दोन्ही एकाच संदेशमार्गावरची, म्हणून एक बिघडले असता दुसरे बिघडण्याचे प्रयोजन उरत नाही, असा खुलासा सांगितला जाई. हॅरल्ड व्हार्मस यांच्या प्रयोगशाळेने २०१५ साली याहून पुढची गोष्ट दाखविली: दोन्ही दोष एकाच पेशीत बळेच घातले तर ती पेशी मरते; एवढा वाढीचा मारा तिलाच सोसत नाही. असे असूनही काही रोग्यांत दोन्ही सापडतात. खारघर येथील ‘ॲक्ट्रेक’ संस्थेतील डॉ. अमित दत्त आणि टाटा रुग्णालयातील मंडळींनी २०१४ साली ‘ब्रिटिश जर्नल ऑफ कॅन्सर’मध्ये नेमक्या याच सहवासावर लिहिले. के-रासचा दोष गोळीच्या फलिताविषयी काही भाकीत करतो तो ईजीएफआरही बिघडलेला असेल तेव्हाच, ईजीएफआर शाबूत असताना नव्हे, असा त्यांचा निष्कर्ष. ज्या काळी एका वेळी एकच जनुक तपासावे आणि एक सापडले की दुसरे पाहू नये असा बहुतेक प्रयोगशाळांचा रिवाज होता, त्या काळी आपल्या दारातील लोकांनी हा प्रश्न विचारला, ही गोष्ट मला त्याच्या उत्तराइतकीच मोलाची वाटते.

जोडीदारांपैकी एकाचा उल्लेख मात्र वेगळा करावयास हवा, कारण त्याने रोगाची जातच पालटते. टीपी५३ बरोबर ‘आरबी१’ हेही जनुक निकामी झालेले असेल, तर गोळीच्या दडपणाखाली ग्रंथिपेशींचा हा कर्करोग काही रोग्यांत लहान पेशींच्या कर्करोगात, म्हणजे अगदी निराळ्या आणि वेगाने वाढणाऱ्या रोगात, रूपांतर पावतो. ज्यांत दोन्ही जनुके पूर्णतः निकामी होती त्यांत या रूपांतराचा धोका ४३ पट अधिक, असे कोरियातील संशोधकांनी २०१७ साली नोंदविले. हे रूपांतर रक्ताच्या तपासणीत सहसा उमटत नाही; त्याला पुन्हा सुई घालून तुकडा काढावा लागतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली डोळ्यांनीच पाहावा लागतो. जनुकवाचनाची यंत्रे आल्यामुळे आता विकृतिशास्त्रज्ञाचे काम संपले असे मला सांगणारे तरुण भेटतात. त्यांना मी हे उदाहरण देतो.

आता उपायाकडे वळू. येथे महाराष्ट्रातील एका कामगिरीविषयी सविस्तर बोलणे मला अगत्याचे वाटते, कारण तिची जेवढी वाहवा परदेशांत झाली तेवढी आपल्या मराठी वाचकांत झाली नाही. ज्या टाटा स्मारक रुग्णालयाचे दरवाजे २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळात उघडले, आणि जेथील प्रयोगशाळांची घडी गोमंतकात जन्मलेल्या डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी बसविली, त्याच रुग्णालयात डॉ. वनिता नरोन्हा, डॉ. कुमार प्रभाश आणि सहकाऱ्यांनी २०१६ ते २०१८ या काळात एक चाचणी घेतली. प्रश्न साधा होता. गोळी एकटी द्यावी, की तिच्याबरोबर आरंभापासूनच जुनी किमो, म्हणजे पेमेट्रेक्सेड आणि कार्बोप्लॅटिन, शिरेतून द्यावी? नवे रेणू नव्हते. बाजारात मिळणारी, पेटंटच्या जाचातून बहुतांशी सुटलेली औषधे होती. ३५० रोग्यांपैकी १७६ जणांस नुसती गेफिटिनिब आणि १७४ जणांस जोडउपचार चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने वाटून देण्यात आला. रोगी निवडतानाही हातचलाखी केली नाही: शेकडा २१ जण दुबळ्या प्रकृतीचे होते, शेकडा १८ जणांच्या मेंदूत रोग शिरला होता. अशांना परदेशी चाचण्या पुष्कळदा दारातूनच परत लावतात. निष्पन्न असे झाले: नुसत्या गोळीवर रोग सरासरीने ८ महिने आवरला, जोडउपचारावर १६ महिने. नुसत्या गोळीच्या गटाचे मध्यम आयुर्मान १७ महिने भरले. दुसऱ्या गटाचे तोवर मोजताच येईना, कारण निम्म्याहून अधिक लोक हयात होते. मृत्यूचा धोका निम्म्याहून खाली आला. जमेबरोबर खर्चाची बाजूही सांगितली पाहिजे: गंभीर उपद्रव पहिल्या गटात शेकडा २५ जणांस झाले, दुसऱ्यात ५१ जणांस. जपानमध्येही त्याच सुमारास अशाच जोडणीची चाचणी झाली आणि तिचाही कौल जोडणीकडेच पडला.

हा परिणाम कशाने झाला, याचा विचार करू लागलो की सहवर्ती दोषांचा प्रश्न पुन्हा समोर उभा राहतो. गोळी मूळ प्रतीतील एका दोषावर नेम धरते. किमोस कोणताही नेम नसतो, जी पेशी विभाजनाच्या वाटेवर आहे तिला ती मारते. म्हणून ज्या फांद्यांना गोळी शिवत नाही त्यांतील काहींना किमो आरंभीच छाटते, आणि रोग अद्याप एकसूत्री असतानाच त्याची विविधता कमी करते. हे माझे स्पष्टीकरण संभाव्य आहे, सिद्ध नव्हे. पण ज्या तरुणांना किमो म्हणजे जुन्या जमान्यातील बोथट हत्यार वाटते, त्यांनी या बोथटपणाचा हा गुण विचारात घ्यावा.

पुढे गोळीचीही पिढी पालटली. पहिल्या गोळीस दाद न देणाऱ्या निम्म्याहून अधिक रोग्यांत ईजीएफआरमध्येच ‘टी७९०एम’ हा दुसरा दोष उपजतो; त्यावरही मात्रा चालेल असे ऑसिमर्टिनिब २०१५ साली अमेरिकेत मान्य झाले. पुढे ते पहिल्यापासूनच देऊन पाहिले, तेव्हा जुन्या गोळ्यांच्या १०.२ महिन्यांऐवजी १८.९ महिने रोग आवरला. आणि मग मुंबईकरांनी आधी विचारलेला प्रश्न मोठ्या कंपनीने मोठ्या प्रमाणावर विचारला: या नव्या गोळीस किमोची जोड दिली तर? ५५७ रोग्यांच्या त्या चाचणीत रोग आवरण्याचा काळ १६.७ वरून २५.५ महिन्यांवर गेला, आणि २०२५ मध्ये जाहीर झालेल्या अखेरच्या हिशेबात मध्यम आयुर्मान ३७.६ वरून ४७.५ महिने झाले. परळच्या १७ महिन्यांशी हे आकडे शेजारी ठेवून कोणी नाक मुरडू नये; तेथे रोगी निवडलेले होते आणि पहिले औषध थकल्यावर दुसरे मिळण्याची सोय होती, येथे ती पुष्कळांना नव्हती. दोन देशांच्या आकड्यांतील फरक हा पुष्कळदा दोन खिशांतील फरक असतो.

खिशाची गोष्ट निघालीच आहे तर सांगतो. एर्लोटिनिब या सहोदर गोळीसंबंधी रोश आणि मुंबईची सिप्ला यांचा दावा दिल्ली उच्च न्यायालयात २००८ साली चालला तेव्हा एका गोळीस रोशचा दर ४,८०० रुपये आणि सिप्लाचा १,६०० रुपये होता. न्यायालयाने त्या वेळी तूर्तातूर्त मनाई देण्याचे नाकारले, आणि त्यात लोकहिताचा हा मुद्दा वजनात घेतला. २०१५ साली अपिलात पेटंटाचा भंग झाल्याचे ठरले, पण पेटंटाची मुदतच संपत आली असल्याने विक्री थांबली नाही. गेफिटिनिब आज महिन्याला काही हजार रुपयांत मिळते. ऑसिमर्टिनिबवरील आयातशुल्क जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात माफ झाले, तरी मध्यमवर्गीय घराला त्याची झळ अजून सोसवत नाही. अशा स्थितीत परळच्या चाचणीतील जोडउपचार हा गरिबाचा दुय्यम पर्याय नसून, पुराव्याने तावून निघालेला उपचार आहे, हे मी मुद्दाम ठासून सांगतो.

मग सहवर्ती दोष पाहून उपचार ठरवावा काय? माझे मत असे, की टीपी५३ सोबत असलेल्या आणि किमो सोसण्याजोगी प्रकृती असलेल्या रोग्यास नुसत्या गोळीवर सोडण्यापूर्वी डॉक्टरांनी दोनदा विचार करावा. उलट एकांडा दोष, थोडका रोग आणि वार्धक्य असेल तेथे गोळी एकटीही पुरेशी ठरू शकते, आणि दर तीन आठवड्यांनी शिरेतून औषध घेण्याचा छळ वाचतो. पण अहवालातील सर्व जोडीदारांना एकसारखे महत्त्व देणे हा त्याच्या उलट टोकाचा वेडेपणा होय. पाचशे जनुकांची यादी छापून तिच्यातील प्रत्येक दोषापुढे एकेक महागडे औषध सुचविणारे रंगीत अहवाल आता घरोघर येऊ लागले आहेत, आणि त्यांतील बहुतेक सूचनांच्या पाठीशी एकही चाचणी नसते. दोष आढळणे आणि तो रोगाचे कारण असणे यांत केवढे अंतर आहे, ते २०२३ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने दाखविले. कर्करोग नसलेल्या फुफ्फुसांच्या नमुन्यांपैकी शेकडा १८ मध्ये ईजीएफआरचे आणि शेकडा ५३ मध्ये के-रासचे कर्करोगजनक दोष सूक्ष्म प्रमाणात आढळले. हवेतील सूक्ष्म धूलिकणांनी दाह पेटविला म्हणजे अशा निद्रिस्त पेशी जाग्या होतात, असे त्या संशोधकांचे अनुमान आहे. चुलीच्या धुरात उमेद घालविलेल्या आणि आता स्वारगेटच्या चौकात वाहनांचा धूर घेणाऱ्या आपल्या बायाबापड्यांच्या फुफ्फुसांविषयी यातून जे सूचित होते, ते वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे. त्यात मी आज शिरत नाही.

माझी मागणी दोनच गोष्टींची आहे. पुण्यातील लहानमोठ्या रुग्णालयांत मिळून दरसाल जेवढ्या रोग्यांची जनुकतपासणी होते, तेवढ्यांचे अहवाल आज ज्याच्या-त्याच्या दप्तरात पडून राहतात. कोणता जोडीदार होता, कोणते औषध दिले, किती महिने पुरले आणि मृत्यू केव्हा झाला, एवढ्या चार रकान्यांची नोंद, नावगाव वगळून, सर्वांनी एका ठिकाणी ठेवावी. यास नवे यंत्र लागत नाही, इमारत लागत नाही. एक कारकून आणि परस्परांवरील थोडा विश्वास लागतो, आणि दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा दुर्मीळ आहे याची मला कल्पना आहे. भारतीय रोग्यांतील सहवर्ती दोषांचे फलित बोस्टनहून कळणार नाही. ते येथेच मोजावे लागेल. दुसरी मागणी रोग्यांच्या घरच्या मंडळींकडे आहे. बायोप्सीचा तुकडा ज्या मेणाच्या ठोकळ्यात जपलेला असतो, तो ठोकळा, ज्यास प्रयोगशाळेत ‘ब्लॉक’ म्हणतात, आणि जनुकतपासणीचा संपूर्ण अहवाल, नुसते पहिले पान नव्हे, मागून घ्या आणि सांभाळून ठेवा. मागितले असता रुग्णालये ते देतात. वर्षभराने गोळी थकली म्हणजे पुढील डॉक्टर प्रथम तेच मागणार आहे.